न बोलावता आलेले

ताडोब्याच्या मोहर्ली गेटातून पहाटे जिप्सी आत शिरते आणि उन्हं चढल्यावर धुळीने माखून बाहेर येते. वाघ दिसला तर उत्तमच. नाही दिसला तर "ताजे पगमार्क होते ना, साहेब," असं म्हणून गाइड समजूत घालतो. पैसे परत मागायचं कुणाच्या मनातही येत नाही. आयर्लंडमधल्या डिंगलचे नाववाले मात्र डॉल्फिन दिसला नाही तर पैसे घेत नसत. ही दानत त्यांना परवडायची, कारण डॉल्फिन हटकून दिसायचा.

त्याचं नाव फंगी. १९८३ साली तो तिथल्या दीपगृहाच्या रखवालदाराच्या नजरेस पडला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये दिसेनासा होईपर्यंत त्याच बंदराच्या तोंडाशी होड्यांमागे हुंदडत राहिला. सदतीस वर्षं एकाच ठिकाणी, बदली नाही की बढती नाही! गावाने त्याच्या हयातीतच त्याचा पुतळा उभारला. आपल्याकडे एवढं भाग्य मोजक्याच पुढाऱ्यांना लाभतं.

आम्हा चंद्रपूर-गडचिरोलीकरांना आपल्या राज्यातला समुद्र पाहायचा तर अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो. म्हणून हे सगळं ऐकून हेवा वाटतो. एवढ्या मोठ्या दर्यात त्याला माणूसच आवडावा! पण जाणकार सांगतात ते जरा हिरमोड करणारं आहे. ही जात कळपात राहणारी, एकमेकांच्या अंगाला अंग घासत पोहणारी. त्यातला एखादा काही कारणाने एकटा पडला की होडी, नांगराचा दोर, पाणबुडे, जे सापडेल त्याच्याशी तो लगट करतो. म्हणजे दोर आणि आपण एकाच यादीत. आपण मात्र ते प्रेम समजून बसतो आणि डोक्यावर चढतो. ब्राझीलमध्ये १९९४ साली अशाच एका डॉल्फिनला किनाऱ्यावरच्या लोकांनी इतकं छळलं, की शेवटी त्याच्या धडकेने एक माणूस जिवानिशी गेला.

वाघाला ही सोबतीची भूक नाही. तो एकटाच सुखी असतो. २०२४ मध्ये ताडोब्याच्या निमढेला भागातल्या एका वाघाने पाण्यात पडलेली प्लास्टिकची बाटली तोंडात धरून नेली आणि ते चित्र देशभर फिरलं. आमच्याशी त्याचा संबंध आला तो एवढाच, आणि तोही आमचा कचरा उचलण्यापुरता.

गडचिरोलीतल्या हेमलकशाची गोष्ट वेगळी. बाबा आमट्यांनी १९७३ साली तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्यांच्या चिरंजीवांना, प्रकाश आमट्यांना, एकदा शिकार करून परतणारे आदिवासी दिसले. मेलेल्या माकडिणीला तिचं पिल्लू बिलगलेलं होतं, आणि दूध शोधत होतं. ते त्यांनी मागून घेतलं. पुढे अस्वलं आली, बिबटे आले, अंगणाचं अनाथालय झालं. फंगी निदान स्वतःहून आला होता. या पिल्लांपुढे दुसरं दारच नव्हतं.

आमच्याकडे आपल्या पायांनी येतो तो हुप्प्या. वानरांच्या टोळीत एकच दांडगा नर बायकापोरांवर राज्य करतो. दुसरा येऊन त्याला हरवतो, की पहिल्याला जंगल मोठं आणि दिवस लांब होतो. मग तो गावात येतो. परवा शेजारच्या काकूंच्या कवेलूवर असाच एक येऊन बसला. काळं तोंड, फाटलेला कान, शेपटी खाली सोडलेली, नजर कुठेतरी लांब. खाली खाटेवर कुरडया वाळत होत्या. काकूंनी काठी उचलली, त्याच्याकडे पाहिलं आणि परत ठेवली.

"जा ना गा मारोतीबाबा," त्या हात जोडून म्हणाल्या. मग मला, "राहू दे. घरच्यांनी हाकललं असंल त्याले. जाईल कुठं बिचारा?"

शास्त्रज्ञांनी फंगीसारख्यांबद्दल जे वर्षानुवर्षं अभ्यासून मांडलं, ते काकूंनी उभ्या उभ्या सांगून टाकलं, असं मी मनात म्हणतोय तोच बिचारा खाटेवर उतरला, दोन्ही हातांनी कुरडया कवळल्या आणि कडुनिंबावर गेला.

काकूंनी काठी भिरकावली. "उगाच नाही हाकललं घरच्यांनी!"