मुठेचा किमान प्रवाह

नदीत माशांपुरतं तरी पाणी असावं, हे आता सरकारदरबारीही मान्य आहे. हरित न्यायाधिकरणानं २०१७ साली राज्यांना बजावलं, की उन्हाळी सरासरीच्या १५ ते २० टक्के पाणी नद्यांत वाहतं ठेवा. पुढच्याच वर्षी गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी अधिसूचना निघाली: हिवाळ्यात २० टक्के, पावसाळ्यात ३० टक्के.

पुण्यानं हा प्रश्न कागद न हलवता सोडवला आहे. खडकवासल्याच्या भिंतीखाली मुठा उन्हाळ्यात कोरडी. पाणी शहराला आणि कालव्यानं दौंड-इंदापूरकडे. पण भिडे पुलाशी येऊन बघा, नदी बारमाही! धरणातलं पाणी आधी पुणेकरांच्या अंगावरून, मग मोरीतून, मग नाल्यातून पात्रात. रंग जरा काळपट असेल, पण अधिसूचनेत टक्केवारी असते, रंग नसतो.

राहता राहिला महाशीर. त्याला प्राणवायूनं भरलेलं खळाळतं पाणी हवं, अंडी घालायला गोट्यांचा तळ हवा, पावसाळ्यात वर चढायला मोकळी वाट हवी. इतक्या अटी घालणाऱ्याला सदाशिव पेठेत कॉट बेसिसवरही जागा मिळत नाही. त्यापेक्षा चिलापी बघा. मूळची आफ्रिकेची, पण कसली कुरकुर नाही. खाली उजनीत तर बस्तानही बसवलंय.

प्रवाह मोजायला कुणी अधिकारी येणारच असतील, तर सकाळी आठच्या सुमारास यावं. तेव्हा सगळं शहर अंघोळीला असतं.