चौदा नियम, एक संगणक

रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाचच नियम सांगितले. पहिला असा की पुस्तकं वापरासाठी असतात. आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या एका वाचनालयाने एकट्या संगणकासाठी चौदा केले, आणि त्यांत वापराच्या बाजूचा एकही नाही. पेनड्राइव्ह लावू नये. आधारची झेरॉक्स जोडावी. चपला बाहेर काढाव्यात (हे मान्य, दसऱ्याचं हळदकुंकू अजून मॉनिटरवर आहे). वेळ अर्धा तास. भरतीचा फॉर्म भरायला आलेल्या पोराचा तेवढा वेळ ओटीपीची वाट पाहण्यातच जातो, मग लाइन जाते. लाइन गेलेला वेळही वापरात धरला जाईल, हा नियम अकरावा. पोरगं समोरच्या नेट कॅफेत पैसे मोजून फॉर्म भरतं. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला: संगणक सुस्थितीत.