हजेरीबाई, तुमची हजेरी कोण घेणार?

श्रीमती हजेरीबाई (७५ टक्के),
मुक्काम सूचनाफलक, जिन्याखाली,
पालघर, बोईसर, चिंचणी... कुठलंही महाविद्यालय.



सत्र संपत आलं की तुमची यादी लागते. पोरं तिला ‘डिफॉल्टर लिस्ट’ म्हणतात. बँका बुडवून परदेशी गेलेल्यांनाही हाच शब्द वापरतात, पण त्यांची नावं कुणी जिन्याखाली चिकटवत नाही. तो मान फक्त आमच्या मुलांचा.

तुम्ही साध्यासुध्या नाही, हे आम्ही जाणतो. मुंबई विद्यापीठाच्या ऑर्डिनन्स ६०८६ मध्ये तुमचं बिऱ्हाड आहे. सरासरी पाऊण हजेरी हवी, नाहीतर परीक्षा नाही. हे सगळं विद्यार्थ्यांच्या भल्यासाठी, असं तुम्ही सांगता. खरंच असेल. वर्गात बसल्याशिवाय शिकणं होत नाही, हे आम्हीही मानतो. फक्त तुमच्या जाळ्यात कोण सापडतं आणि कोण निसटतं, ते एकदा बघा.

केळव्याच्या सुरूच्या बनात दुपार घालवणारा तुमच्या यादीत कधीच नसतो. त्याची ‘यस सर’ मित्र घालतात. त्यातूनही नाव आलंच, तर ओळखीच्या डॉक्टरांचा दाखला संध्याकाळपर्यंत मिळतो, कारण विषमज्वर बरोबर हजेरी कमी पडलेल्या दिवसांतच झालेला असतो. तुमच्या हाती लागतात ती वेगळी मुलं. त्यांच्याकडे दाखला नसतो, कारण त्यांचं जे दुखतं त्याचा दाखला मिळत नाही.

सफाळ्याच्या मुलाचंच घ्या. विरार ते डहाणू रोड रूळमार्ग दोनच, एक जायचा आणि एक यायचा. त्यांवरूनच लोकल, मेमू, मालगाडी, राजधानी आणि आता वंदे भारत. मागून मोठी गाडी आली की लहानीने बाजूला व्हायचं, ही रेल्वेची रीत. १६ एप्रिल २०१३ ला लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हा लोकांनी तिचं स्वागत केलं. तिसरी-चौथी मार्गिका २०१६ साली मंजूर झाली, तिचं काम अजून चालूच आहे. तेवढ्यात बुलेट ट्रेनला बोईसर स्थानक मिळालं. म्हणजे ताशी ३२० किलोमीटरने अहमदाबादला जायची सोय होणार, पालघरला पहिल्या तासाला पोचायची मात्र नाही. मुलगा वीस मिनिटं उशिरा वर्गाच्या दाराशी येतो आणि तुम्ही त्याच्या नावापुढे फुली मारता. फुली रेल्वेच्या नावापुढे मारायला तुमच्या मस्टरमध्ये रकानाच नाही.

दुसरा बोईसरचा. तारापूर एमआयडीसीत रातपाळीला हेल्पर. कंत्राटदाराचा माणूस, रजा घेतली की दिवसाचा पगार गेला. सकाळी सुटतो, तोंड धुतो आणि शेवटच्या बाकावर येऊन झोपतो. तुम्हाला त्याचं काही नाही. देह बाकावर असला की तुमचं भागतं. तो जिथे काम करतो आणि राहतो, त्या तारापूरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात ९३.६९ गुण दिले. देशात पहिला नंबर. आमच्या भागाला विशेष प्रावीण्य मिळालं ते याच परीक्षेत. त्या हवेत मुलांच्या फुप्फुसांची हजेरी शंभर टक्के भरते, पण तिचे गुण तुम्ही धरत नाही.

तिसरी विक्रमगडकडची, वारली घरातली, कॉलेजात पोचलेली घरातली पहिलीच. वसतिगृहात जागा मिळाली तर ठीक, नाहीतर एसटी. एसटी आली तर ठीक, नाहीतर वडाप. २०१८ मध्ये सरकारने शहरांतल्या आदिवासी वसतिगृहांच्या खाणावळी बंद करून जेवणाचे पैसे थेट बँक खात्यात टाकायचं ठरवलं, तेव्हा आदिवासी मुलं पुण्याहून नाशिकच्या वाटेला पायी लागली होती. पैसे खात्यात आणि भूक पोटात, या दोन तारखा जुळत नाहीत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आता तुमचं कौशल्य पाहा. अनेक शिष्यवृत्त्यांच्या अटींतही तुम्हीच बसला आहात. पैसे रखडले म्हणून मुलगी येत नाही, आणि ती येत नाही म्हणून पैसे रखडतात. एवढा वर्तुळाकार कारभार भूमितीच्या सरांनाही काढता येणार नाही.

तुम्ही म्हणाल, कल्याणाचं आम्ही बघतोच. खरं आहे. नव्या शैक्षणिक धोरणात योग, खेळ, आरोग्य आणि स्वास्थ्य यांचे श्रेयांक आहेत. म्हणजे मन शांत ठेवण्याचेही मार्क मिळतात, आणि त्या तासाला हजर नसलात तर अशांत मनाने पुन्हा तुमच्याच यादीत! मुलांच्या तणावावरचं व्याख्यान झालं की त्याचेही फोटो निघतात. ते कुणाच्या उपयोगी पडतात? मूल्यांकन समितीच्या फाइलीच्या. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सांगितलं, की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. समुपदेशन कक्षाची पाटी लावायला वेळ लागत नाही. आत बसायला माणूस लागतो, आणि तो बहुधा वाणिज्य किंवा भूगोल शिकवता शिकवता ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून ते दुःख ऐकतो. कधी कधी तो स्वतःच तासिका तत्त्वावर असतो. त्याचं दुःख कुणी ऐकायचं, हे ऑर्डिनन्समध्ये नाही.

इथे मस्करी थोडी बाजूला ठेवतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला. प्रत्येकामागे कारणं अनेक असतात; सगळी तुमच्या पदरात टाकणार नाही. पण दिल्लीत २०१६ साली हजेरी कमी म्हणून कायद्याच्या एका विद्यार्थ्याला परीक्षेला बसू दिलं नाही, आणि त्यानंतर त्याने आयुष्य संपवलं. ते प्रकरण नऊ वर्षं चाललं. ३ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला, की कायद्याच्या कुठल्याही विद्यार्थ्याला केवळ हजेरी कमी म्हणून परीक्षेपासून रोखू नये. कायदा शिकणाऱ्यांपुरतं का होईना, न्यायालयाने तुम्हाला जिन्याखालून हलवलं.

आणि तुमच्या मालकांची हजेरी? राज्याच्या विद्यापीठ कायद्यात निकाल लावायला तीस दिवस आहेत, फार तर पंचेचाळीस. २०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या आणि निकाल असे रखडले, की कुलपतींना ३१ जुलैची मुदत घालावी लागली. तीही हुकली. पुढच्या प्रवेशाच्या तारखा निघून गेल्या, मुलं निकालाची वाट बघत राहिली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. वर्ष गेलं ते पोरांचं. त्या काळातला ताण कमी करायला योगाचा कुठला तास होता?

हजेरीबाई, तुम्हाला याच जिल्ह्यात काम केलेल्या दोन बायांची ओळख करून द्यायची राहिली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येत नव्हती. कुणी गुरं राखत होतं, कुणी धाकटं भावंड. या बायांनी यादी लावली नाही. मूल अंगणात आहे तर शाळा अंगणात गेली. गुरांमागे आहे तर कुरणात गेली. आधी आंघोळ, मग खाऊ, मग अक्षरं. देशभर आज जी अंगणवाडी आहे तिची मुळं तिथे आहेत. मूल गैरहजर असलं तर ते का आलं नाही, हे शाळेने जाऊन बघायचं, असा त्यांचा साधा हिशेब होता. हे सगळं तुमच्या सूचनाफलकापासून एसटीच्या अंतरावर घडलं. तुम्ही कधी तिकडे फिरकला नाहीत, कारण तिथे तुमचंच नाव वगळलेलं होतं.

म्हणून एक नम्र सूचना. तुम्ही रहाच, इतक्या वर्षांचं बिऱ्हाड मोडा असं कोण म्हणेल? फक्त पुढच्या सत्रात पोरांची यादी लावण्याआधी दुसरी एक यादी लावा. सकाळची लोकल वेळेवर किती दिवस आली. विक्रमगडची एसटी किती दिवस सुटली. निर्वाहभत्ता किती महिने वेळेत जमा झाला. समुपदेशक खुर्चीत किती तास बसले. निकाल पंचेचाळीस दिवसांत किती वेळा लागला. प्रत्येकासमोर टक्के लिहा, आणि जो पंचाहत्तरच्या खाली भरेल त्याला तुमच्या रीतीनेच वागवा. पोरांना सांगता ना, उद्या पालकांना घेऊन ये? या यादीतल्यांनाही तेच सांगा. फक्त त्यांनी येताना पालकमंत्र्यांना घेऊन यावं.

आपला,
जिन्याखालची यादी वाचणारा एक पालघरकर