शंभर येनची चित्रशाळा

निशी-कासाई, तोक्यो

तीर्थरूप आई-बाबा,

चिरंजीव पत्र लिहायला बसले की ‘इकडे सर्व ठीक’ एवढ्यावर आटोपतात, आणि सूनबाई बसल्या की मजकुराऐवजी कडेला वेलबुट्टीच वाढत जाते. म्हणून या खेपेला घरचा वृत्तान्त तिऱ्हाइताच्या तोंडून पाठवतो आहोत. आईंनी परवा व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं, ‘मागच्या कपाटात एवढं काय कोंबलंय?’ त्याचं हे सविस्तर उत्तर.

कपाटात धान्य नाही. डाळ-तांदूळ केव्हाच बाहेर निघाले. आत आहेत जलरंग, अॅक्रिलिक, ब्रश, भरतकामाचे दोरे, कागदी चिकटपट्ट्या आणि मातीचे पुडे. जवळजवळ सगळं शंभर येनच्या दुकानांतलं. दायसो, सेरिया, कॅन डू या त्यातल्या मोठ्या साखळ्या. शंभर येन म्हणजे करासकट ११०, आपले साठ-पासष्ट रुपये. दायसोचे संस्थापक हिरोताके यानो हे १९७२ साली ट्रकवर माल लादून गावोगाव विकायचे. प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी डकवायला वेळ पुरेना, तेव्हा त्यांनी सरसकट शंभर येन सांगायला सुरुवात केली. बाबा लगेच म्हणतील, आपल्याकडचे हातगाडीवाले ‘हर माल’ ओरडतात ते वेगळं काय करतात? वेगळं काहीच नाही. फक्त इथल्या गाडीची पुढे हजारो दुकानं झाली.

सूनबाईंनी एवढंच ठरवलं होतं की छंदावर फार खर्च करायचा नाही. तो त्यांनी केलाही नाही. एका वेळी ११० येनच केला. पण बऱ्याच वेळा केला, असं चिरंजीवांचं म्हणणं. चिरंजीवांना चित्रकलेतलं ओ की ठो कळत नाही, मात्र ऑफिसात ते दिवसभर सॉफ्टवेअरच्या चाचण्याच घेतात. त्यामुळे घरात आलेली प्रत्येक नळी, प्रत्येक पुडा आता तपासून ‘पास’ किंवा ‘नापास’ होतो, आणि त्याचा तक्ता फ्रिजवर लागतो. तुमची नात या खात्याची मुख्य परीक्षक. तिचा एकच निकष आहे: रंग हाताला लागला की धुऊन निघतो का.

रंगांची परीक्षा उन्हाची झाली. एका कागदावर सगळ्या रंगांचे पट्टे ओढले, अर्ध्या भागावर काळा कागद लावला आणि तो खिडकीच्या काचेला चिकटवून दिला. उन्हाळा सरल्यावर काळा कागद काढला, तर भडक गुलाबी जवळजवळ पसार झालेला. अशा झगझगीत गुलाबीत बहुधा उजेडात विरणारी रंगद्रव्यं असतात. महागड्या डबीतला झगझगीत गुलाबीसुद्धा फारसा टिकत नाही. गेरू मात्र तसूभर हलला नव्हता. तो लोखंडाचा ऑक्साइड, तुळशी वृंदावनाला आपण वर्षानुवर्षं लावतो तोच. त्याला ऊन काय करणार? बाकी स्वस्त रंगांचं दुखणं सरळ आहे. त्यांत रंगद्रव्य कमी आणि भरताड जास्त, म्हणून एका हाताऐवजी दोन हात द्यावे लागतात. सरावाला काही बिघडत नाही.

तेलखडूंचं प्रकरण वेगळंच निघालं. चित्रकलेच्या तासाला पुण्यातली सगळी मुलं ज्या कांड्या मोडतात, ती मूळची जपानची वस्तू. ओसाकाच्या साकुरा कंपनीनं १९२५ साली त्या बाजारात आणल्या. सुरुवातीला थंडीत त्या कडक व्हायच्या आणि उकाड्यात मऊ पडायच्या, म्हणून हिवाळ्याच्या आणि उन्हाळ्याच्या कांड्या चक्क वेगवेगळ्या विकाव्या लागत. हे ऐकल्यावर आईंना आपल्या साजूक तुपाची आठवण होईल, पण इथे तो विषय नको. तुपाचा भाव सांगितला तर पत्र भलतीकडे जाईल.

आणि आता बाबांसाठी बातमी. नातीच्या शाळेच्या वह्यांवर ‘कोकुयो’ लिहिलेलं असतं. ही ओसाकाची कंपनी. १९०५ मध्ये हिशेबाच्या चोपड्यांची पुठ्ठे-आवरणं बनवण्यापासून तिची सुरुवात झाली. बाबांच्या शाळेच्या दप्तरातल्या कॅमलच्या शाईची कंपनी म्हणजे कॅमलिन. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये गिरगावात शाई बनवायला घेतली, त्यातून ती वाढली. २०११ मध्ये कोकुयोनं तिचा मोठा हिस्सा विकत घेतला आणि नाव झालं कोकुयो कॅमलिन. चिरंजीवांनी हे जेवताना सांगितलं, तेव्हा सूनबाई म्हणाल्या, ‘म्हणजे आपण आपल्याच व्याह्यांच्या गावी आलोय.’

कागदी चिकटपट्टीला इथे पैकीच्या पैकी गुण. भाड्याच्या घरात खिळा ठोकायची चोरी, पण ही पट्टी हलक्या हातानं ओढली की रंग न उपटता निघते. चित्राच्या चारी कडांना लावून रंगवलं की पांढरी चौकट आपोआप सुटते. कुराशिकीच्या कामोई कंपनीनं १९२३ साली माश्या पकडायच्या चिकट कागदापासून धंदा सुरू केला, पुढे रंगाऱ्यांसाठी पट्ट्या केल्या. २००६ मध्ये तिघी जणींनी कंपनीकडे कारखाना बघायची परवानगी मागितली. त्या या साध्या पट्ट्यांनी सजावट करत होत्या. त्यातूनच रंगीबेरंगी ‘एमटी’ पट्ट्या निघाल्या, आणि आता शंभर येनच्या दुकानातही अशा पट्ट्यांची अख्खी भिंत असते.

मातीनं मात्र गेल्या गणपतीत सगळ्यांची फजिती केली. सूनबाईंनी हौसेनं पांढऱ्या, वजनाला हलक्या मातीचा पुडा आणला. मळायला लोण्याहून मऊ, न भाजता वाळणारी. नातीनं कान केले, चिरंजीवांनी उंदीर केला (तो उंदीर आहे हे सांगावं लागतं). मूर्ती सुरेख झाली. दीड दिवसांनी घरातच बादलीत विसर्जन. आरती झाली, ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणून झालं, मूर्ती पाण्यात सोडली आणि बाप्पा वर येऊन शांतपणे तरंगायला लागले. नात टाळ्या पिटून ओरडली, ‘बाप्पाला जायचंच नाहीये!’ चिरंजीवांनी एका बोटानं दाबून पाहिलं. सूनबाईंनी असे डोळे वटारले की बोट मागे आलं. मग पुड्यामागची जपानी अक्षरं वाचून उलगडा झाला. या मातीत डोळ्यांना न दिसणारे पोकळ गोळे मिसळलेले असतात, म्हणूनच ती हलकी. बुडणं तिच्या स्वभावातच नाही. बाप्पा सध्या पुस्तकांच्या फळीवर मुक्कामाला आहेत. यंदा साध्या, पाण्यात विरघळणाऱ्या मातीचा पुडा आधीच आणून ठेवलाय.

हलकी माती तक्त्यावर नापास झाली नाही, तिची बदली झाली. दिवाळीचा किल्ला आता तिचाच. इथल्या बाल्कन्या आग-भूकंपात सुटकेची वाट असतात. दोन घरांमधला पातळ पडदा वेळ आली तर फोडून पलीकडे जायचं, त्यामुळे त्याच्यापुढे काही मांडायला परवानगी नाही. म्हणून आपला हलका राजगड मोठ्या ट्रेवर उभा आहे आणि वेळ आली तर नातसुद्धा एका हातानं तो उचलते. महाराजांनी हे पाहिलं असतं तर काय म्हणाले असते, ते विचारू नका.

ब्रशांचं थोडक्यात: स्वस्त ब्रशाचे केस चित्रात राहतात. जपानातले सुमारे ८० टक्के ब्रश हिरोशिमाजवळच्या कुमानो गावात बनतात. तिथला एकच, जरा खर्चून आणला. तो नातीच्या हाती लागत नाही.

शेवटी कागद, आणि इथे सगळ्या घराचं एकमत आहे. रंग स्वस्त चालतात, पट्टी स्वस्त चालते, कागद चालत नाही. स्वस्त वही लाकडाच्या लगद्याची आणि पातळ; जूनच्या पावसाळी हवेत ओला हात फिरवला की पापडासारखी वळते. जलरंगाला चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा कागद लागतो, आणि कापसाचा असला तर उत्तमच, कारण त्याचे धागे लांब नि चिवट. पुसून पुन्हा रंगवलं तरी लव निघत नाही. तो इथे मिळतो, पण त्याची किंमत ऐकून चिरंजीव तक्ता बंद करून चहा ठेवायला उठतात.

तेव्हा बाबा, एक काम. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. तिथे सुती चिंध्यांपासून कागद करतात. इकडे येताना तिथून जाड, खळ दिलेला कागद घ्या. खळ नसली तर रंग टीपकागदावरच्यासारखा फुटतो, म्हणून तेवढं विचारून घ्या. गुंडाळी करू नका, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट बांधा आणि बॅगेच्या तळाशी ठेवा. भाजणीचं पीठ त्याच्यावर ठेवलं तरी चालेल, लोणचं नको. रंग मुळीच आणू नका. ते ठेवायला कपाटात जागा नाही.

आपली,
निशी-कासाईकर मंडळी