मशीनसोबत मी येतो

आमच्या गल्लीत ड्रिल मशीन मागायला गेलं की मशीन मिळत नाही, गुरुजी मिळतात. "नुसती मशीन देणं जमत नसतंय बाबा, मशीनसोबत मी येतो," म्हणत ते पायात चपला सरकवतात. उभी हयात जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. पुण्याच्या पोराने एका दिवाळीला १८ व्होल्टची बिनवायरची मशीन आणून दिली, तेव्हापासून अर्ध्या कंधारातल्या भिंती यांच्याच ताब्यात आहेत. तुमच्याही गल्लीत असा एक असेलच.

आल्या आल्या मशीन पेटीबाहेर निघत नाही. आधी पाणी, मग चहा, मग बोटाच्या पेराने भिंत ठोकून पाहणे. "माळवदाचं हाय का विटाचं?" हा प्रश्न त्यांना भलताच आवडतो. माळवदाच्या जुन्या घराच्या भिंतीत दगडांमध्ये मातीचा सांधा असतो. बीट त्या सांध्यात घुसलं की भोकाचं बीळ होतं आणि रावल प्लग आत नुसता फिरत बसतो. म्हणून गुरुजी दगड कुठे संपतो ते आधी चाचपतात. मग स्विचबोर्डापासून वर आणि खाली खडूची उभी रेघ ओढतात. बोर्डाची वायर सहसा सरळ वर किंवा खाली जाते, त्या रेघेवर भोक नाही म्हणजे नाही. टीव्हीचा स्टँड तिथेच हवा म्हणून घरमालकीण कितीही रुसली तरी.

"आता मेन बंद कर."

इथे कुणीतरी हमखास विचारतं, "मग मशीन कशावर चालंल, गुरुजी?" या प्रश्नाची ते सकाळपासून वाट पाहत असतात. "म्हणून तर बिनवायरची हाय!" लाइट गेल्यावर सगळी गल्ली उसासे टाकते, तेव्हा यांचा चेहरा खुलतो.

मग पोशाख. गळ्यातली दस्ती काढायला लावतात, शर्टाच्या बाह्या वर. एकदा शेजारचा पोरगा मोबाइलवर व्हिडिओ बघून जाडजूड हातमोजे घालून आला. "काढ ते. फिरत्या बिटात मोजा गुतला की बोट बी संगं जातंय." स्वतः मात्र ते डोळ्यांना फवारणीचा चष्मा लावतात. शेतात औषध मारताना जो कुणी घालत नाही, तो चष्मा गुरुजींनी भिंतीसाठी राखून ठेवलाय.

बीट बदलायचं तर आधी बॅटरी काढायची, हा त्यांचा नियम. चुकून घोड्यावर बोट पडलं तर हातात फिरायला नको. नियम पक्का, पण काढलेली बॅटरी ते सदऱ्याच्या खिशात टाकतात आणि पुढची दहा मिनिटं घरातली लेकरं पलंगाखाली शोधत बसतात.

प्रत्यक्ष भोक मात्र बघण्यासारखं. बिटावर प्लगच्या लांबीइतक्या अंतरावर काळ्या टेपचा वेढा, म्हणजे कुठे थांबायचं ते कळतं. भिंतीला खाली घडी घातलेला पेपर चिकटवलेला, भुकटी त्यात पडावी म्हणून. पाय रोवून, मशीन दोन्ही हातांनी धरून, आधी हळू. बीट अडकलं की मशीन उलटी मनगट पिरगाळते, हे ते प्रत्येक वेळी नव्याने सांगतात. विटेला, काँक्रीटला हातोडीच्या खुणेवर. बाथरूमच्या टाइलवर आधी चिकटपट्टी, हातोडी बंद, आणि टाइल पार झाल्यावरच चालू. स्क्रू पिळताना पुढच्या रिंगेवरचा बारीक आकडा. "खट्खट् वाजलं की बास. आणखी पिळलं तर प्लग सुटंल."

एवढ्यात बॅटरी उतरते, दुसरी लावेपर्यंत इतिहासाचा तास. १९६१ साली ब्लॅक अँड डेकरने बिनवायरची ड्रिल काढली, इथून गाडी थेट चंद्रावर. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी बॅटरीच्या ड्रिलने चंद्रात खोल भोक पाडलं खरं, पण नळी अडकली. दोघांनी मिळून ओढली तेव्हा निघाली. "नासावाल्याची अडकलीय, तुझी कामून अडकणार न्हाई?" मग गाडी गावात, राष्ट्रकूटांच्या किल्ल्यावर. "त्याहिंच्याकडं बॅटरी नव्हती, पण घाई बी नव्हती."

घरी काकूंचं गाऱ्हाणं वेगळंच. "गावाला भोकं पाडूलालेत, आमचं घड्याळ हाय कपाटावर." उंचीवर अजून एकमत झालेलं नाही, असं गुरुजींचं म्हणणं.

उन्हाळ्यात गाडीच्या डिक्कीत बॅटरी विसरणाऱ्या जावयाला त्यांनी सगळ्यांसमोर झापलं होतं. उन्हाने बॅटरी नासते, हे अगदी खरं. वैताग येतो तो याच गोष्टीचा, की हा माणूस जवळजवळ प्रत्येक वेळी बरोबर असतो. त्यांनी लावलेला एकही स्टँड आजवर सुटलेला मला माहीत नाही.

तेव्हा भिंतीला काही लावायचं असेल तर गुरुजींना सकाळीच सांगून ठेवा, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या चार्ज होतील. भोक दोन मिनिटांचं आहे, दुपार मात्र मोकळी ठेवा. आणि ते निघताना आधी त्यांचा खिसा तपासा.