अर्धी प्रदक्षिणा

आमच्या अंबरनाथच्या शिवमंदिरातला शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा शिलालेख विद्वानांनी वाचला. मी आणलेल्या डॅक चिपवरचं नाव मात्र मला भिंगातूनही लागेना. गाण्याचे आकडे वाचून त्यांचं पुन्हा गाणं करणारी ही चिप, नखाएवढी.

तिच्यातून गाणं दोन तारांवर निघतं. एक वर गेली की दुसरी खाली, हट्टाने उलट. शिवाय दोन्हींवर साधारण अडीच व्होल्ट डीसी बसलेलं. हे निस्तरायला शहाणे लोक पुढे ऑप-अँपची चिप लावतात. मी म्हटलं, ट्रान्सफॉर्मर. त्याला वेगळा वीजपुरवठा लागत नाही, आणि आमच्याकडे विजेवर जितकं कमी अवलंबून राहावं तितकं बरं. दोन्ही तारा प्रायमरीच्या दोन टोकांना जोडायच्या. डीसी दोन्हीकडे सारखं, म्हणून वाहत नाही. दोन्हींवर सारखाच चढलेला गोंगाटही अडतो. पलीकडे जातो तो फक्त फरक. आमच्या सोसायटीच्या सभेत पाणी येत नाही यावर दोन्ही गटांचं एकमत असतं, म्हणून ते इतिवृत्तात कधीच येत नाही. येतं ते भांडण.

उल्हासनगरात वाइंडिंगवाल्याकडे गेलो.

"कितने अँपिअर का?"

"जवळजवळ शून्य."

"चलाना क्या है?"

"गाना."

त्याने शेजारच्या दुकानदाराला हाक मारून मला दाखवलं.

शेवटी निकेलच्या गाभ्याचे दोन तयार नग मागवले. सेकंडरीवर रेझिस्टर आणि कपॅसिटरची जोडी लावली, नाहीतर वरच्या सुरांत ट्रान्सफॉर्मर आपल्याच मनाने झणझणतो.

आणि मग घूंऽऽ! चिपला वीज देणाऱ्या, त्याच डब्यातल्या पॉवर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र, ५० हर्ट्झ. सोपा उपाय: हेडफोन लावून छोटा ट्रान्सफॉर्मर हाताने जरा जरा फिरवत राहायचं. मी जमिनीवर उकिडवा बसून तेच करत होतो.

"अहो, प्रदक्षिणा चाललीय का?" बायको.

"शंकराची असेल तर अर्धीच घाल रे," आतून आई. "सोमसूत्र ओलांडायचं नाही."

खरंच, पाव फेऱ्याच्या आसपास आवाज विरला. पुढे सरकवला तर पुन्हा चढला. मुकाट मागे फिरवला. आईला चुंबकशास्त्र कोणी शिकवलं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

बायकोने हेडफोन लावला. "डाव्या कानात छान. उजव्यात घूं आहेच की."

उजव्याचा ट्रान्सफॉर्मर वेगळा, त्याचा कोनही वेगळा. मी पुन्हा बसलो.

"आता हा कुठला देव?" आईने विचारलं.