उभाच आहेस तर

महाड-पोलादपूरकडे माणसाला बिनकामाचं बसता येतं, बिनकामाचं उभं राहता येत नाही. बसलेल्याला कोणी काही विचारत नाही. पारावर, दुकानाच्या फळीवर, एसटी स्टँडच्या बाकावर, पडवीतल्या झोपाळ्यावर माणूस सकाळपासून जेवणवेळेपर्यंत बसला तरी तो आपल्या हक्काने बसलाय असं सगळे धरून चालतात. तोच माणूस अंगणात दोन्ही हात छातीसमोर गोल धरून, गुडघे जरासे वाकवून, डोळे अर्धवट मिटून उभा राहिला की रस्त्याने जाणारा स्कूटर थांबवून एक पाय टेकतो. काय होतंय? घरात कोणी आहे का? रिक्षा बोलावू?

उभं राहण्याची ही विद्या चिनी आहे. चान च्वांग तिचं नाव. ताय ची, बाग्वा आणि शिंग-यी या तीन प्रकारांना चिनी लोक 'आतल्या' युद्धकला म्हणतात आणि तिन्हींच्या मुळाशी हे नुसतं उभं राहणं आहे. वांग शियांगचाय (१८८५-१९६३) नावाच्या वस्तादाने तर पाठ केलेल्या डावांच्या लांबलचक साखळ्या मोडीत काढल्या आणि शिष्यांना सांगितलं, आधी उभे राहा. पाय खांद्यांइतके अंतर ठेवून, खांदे सैल, माकडहाड खाली सोडलेलं, श्वास नाभीखाली दोन-तीन बोटांवर उतरू द्यायचा. एवढं झालं की पुढे काही करायचं नाही. सांगायला सोपं वाटतं. पण थोड्या वेळाने खांदे आपोआप कानांकडे चढायला लागतात, मांड्या थरथरतात, नाकाच्या शेंड्याला नेमकी तेव्हाच खाज सुटते आणि विजेचं बिल भरायची शेवटची तारीख कालच होती की काय, असा विचार कुठून तरी उगवतो.

आमच्याकडे घरटी एक माणूस मुंबईला असतो. तसा मीही नोकरीभर होतो. दादरला एका शाळेच्या पटांगणात सकाळी ताय चीचा वर्ग भरायचा, तिथे हे खूळ डोक्यात शिरलं. आमच्या बाई सगळ्या रोगांवर एकच औषध द्यायच्या: "सोडा." खांदा दुखतोय, सोडा. तोल जातोय, सोडा. काय सोडायचं हे त्या सांगत नसत. निवृत्तीनंतर महाडला येऊन राहिलो, तेव्हा मुंबईतली खोली सुटली, लोकल सुटली, पगार तर सुटलाच. पण बाईंना अभिप्रेत होतं ते अजून सुटलं नव्हतं, म्हणून अंगणात उभा राहू लागलो.

आळीला माझी सवय झाली ती आळीच्या पद्धतीने. शेजारच्या काकू ऐंशीच्या घरातल्या. पहिले काही दिवस त्यांनी लांबून पाहिलं. मग उन्हाळ्यात एका सकाळी कुरडयांची खाट माझ्यापासून हातभरावर आणून ठेवली आणि म्हणाल्या, "अरे, उभाच आहेस तर एवढे कावळे हाकल." मग हे रोजचंच झालं. उभाच आहेस तर गॅसची गाडी आली की हाक मार. उभाच आहेस तर ही वायर जरा उंच धर. मुलांनी एकदा फार अदबीने विचारलं, "काका, तुम्ही तिकडच्या बाजूचे स्टंप होता का?" कावळ्यांना मात्र हा माणूस हलत नाही हे लगेच कळलं, आणि त्या वर्षी काकूंच्या कुरडया बऱ्याच कमी भरल्या.

आळीतले तात्या निवृत्त मास्तर. त्यांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून ठाम आहे: सगळं आपलंच आहे. "बोधिधर्म कोण होता? आपला. शाओलिनला जाऊन त्यांना हातपाय हलवायला कोणी शिकवलं? त्याने." मी सांगून पाहिलं की बोधिधर्माने व्यायाम शिकवल्याची गोष्ट फार उशिराची आहे, सतराव्या शतकातल्या एका पोथीतून ती पसरली. शिवाय शाओलिनची कला 'बाहेरची' मानतात, मी करतो ती निराळी. तात्या ऐकून घेतात आणि परत पहिल्या वाक्यावर येतात. मग मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. म्हटलं, तात्या, उलटीही वाहतूक होती. ह्युएन त्संग सातव्या शतकात हिंडत हिंडत महाराष्ट्रात आला, पुलकेशीच्या राज्यात, आणि इथली माणसं मानी आणि लढाऊ आहेत असं लिहून गेला. चीनला परतल्यावर त्याला सम्राटाचा हुकूम झाला की लाओ त्झूच्या ताओ ते चिंगचं संस्कृतात भाषांतर कर, कामरूपच्या राजाला हवंय. चिनी नोंदी सांगतात की त्याने ते केलं. ती प्रत आज सापडत नाही. तात्यांचा चेहरा उजळला. "बघ! म्हणजे संस्कृतात आहेच!"

तात्यांना हसणं सोपं आहे, पण त्यांची एक गोष्ट मला खोडता येत नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आसन घालण्यापासून कुंडलिनी जागी होईपर्यंत शरीराच्या आत काय काय घडतं, त्याचं वर्णन आहे. ते वाचताना, नाभीखाली ऊब साठवून ती पाठीच्या कण्याने वर न्यायला सांगणारे ताओपंथी साधक पलीकडच्याच खोलीत बसलेत असं वाटतं. योगायोगाने च्वांग त्झूच्या ग्रंथातही सहाव्याच प्रकरणात 'बसून विसरणं' येतं. कन्फ्यूशियसचा लाडका शिष्य गुरूला येऊन सांगतो, मी प्रगती केली, दया विसरलो, नीती विसरलो. पुन्हा येतो, म्हणतो, रीतिरिवाज विसरलो, संगीत विसरलो. शेवटी म्हणतो, आता मी बसतो आणि सगळंच विसरतो. हे ऐकून गुरू म्हणतो, मग मीच तुझा शिष्य होतो. माझ्या वयाच्या माणसाला ही गोष्ट फार धीर देते. मी दूध गॅसवर ठेवून विसरतो तेव्हा घरात कोणी माझं शिष्यत्व पत्करत नाही, ते सोडा.

सतरावं शतक मला जास्त खुणावतं. आमच्या तालुक्यात बिरवाडीच्या पुढे, डोंगराच्या कुशीत शिवथरघळ आहे. समर्थ रामदास तिथे राहिले आणि दासबोध तिथे लिहिला गेला असं परंपरा सांगते. वीस दशक, दोनशे समास, ७७५१ ओव्या. पुढे ती जागा विस्मरणात गेली आणि १९३० मध्ये धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी ती शोधून काढली. समर्थ घळीत होते त्याच सुमाराला चीनच्या हनान प्रांतात चेन वांगतिंग नावाचा शिपाईगडी मिंग राजवट बुडाल्यावर गावी परतून शेती करत होता. ताय चीचं श्रेय परंपरेने त्याच्याकडे जातं. आणि 'आतली' कला हा शब्द पहिल्यांदा लेखी सापडतो तो १६६९ मध्ये, ह्वांग त्सुंगशी या विद्वानाने एका वस्तादाच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या लेखात. ह्वांग मांचूंच्या राज्यात नोकरी न पत्करणारा बाणेदार माणूस. परकी सत्ता उरावर बसलेली असताना तो लिहितो की शाओलिनवाले धडका मारतात, आतल्या कलेचा माणूस स्थिर राहून समोरच्याची हालचाल आवरतो. पुढच्याच फेब्रुवारीत, ४ तारखेला, पोलादपूर तालुक्यातल्या उमरठचे तानाजी मालुसरे सिंहगडावर पडले. त्यांचा देह ज्या वाटेने खाली उमरठला आणला तिला मढे घाट म्हणतात, असं इथे सांगतात.

या तारखा शेजारी मांडल्या म्हणजे काही सिद्ध होत नाही. उलट फरकच डोळ्यांत भरतो. समर्थांनी गावोगाव मारुती उभे केले. आमचा मारुती उभा असला तरी उड्डाणाच्या बेतात असतो, मूठ वळलेली, शेपूट डोक्यावरून गेलेली. बळ कसं दिसलं पाहिजे! ताओवाल्यांना ते दिसलेलंच खपत नाही. त्यांच्या मते उत्तम वस्ताद भाजी घ्यायला निघालेल्या कारकुनासारखा दिसावा. या एका बाबतीत मी बराच पुढे गेलोय असं माझी बायको म्हणते.

शिवथरघळीला मी श्रावणात गेलो. घळीच्या तोंडावरून धबधबा कोसळत असतो आणि त्याचा आवाज छातीच्या पिंजऱ्यात वाजतो. समर्थ सांगत आणि कल्याणस्वामी लिहून घेत, असं म्हणतात. पावसाळ्यात हे कसं जमत असेल याचं मला फार कुतूहल आहे. 'काय म्हणालात?' असं कल्याणस्वामींनी कितीदा विचारलं असेल? ध्यानाला शांतता लागते हा समज तिथे दहा मिनिटांत निघून जातो. इतका मोठा आवाज असला की मनाला स्वतःची कटकट ऐकू येत नाही. मला वाटलं, उभं राहायला याहून चांगली जागा नाही. बाजूला, कोणाच्या वाटेत येणार नाही असा, हात गोल धरून उभा राहिलो. खांदे सुटले. श्वास खाली गेला. कुडाळ-सावंतवाडीकडची एक सहल आली होती, त्यांतल्या एक काकी माझ्यामागे येऊन थांबल्या. त्यांच्यामागे त्यांचे यजमान. मी डोळे उघडले तेव्हा माझ्यामागे व्यवस्थित रांग लागली होती आणि पुढचा माणूस हलत का नाही याची मागे चौकशी चालली होती. मी दोन पावलं पुढे सरकलो. रांगही सरकली. तेव्हा मला मुकाट्याने पुन्हा एकदा दर्शन घ्यावं लागलं.

आमच्या खाचरांबद्दलही लिहायला हवं, कारण मुंबईचे मित्र आले की हमखास म्हणतात, "तुमच्या बायका लावणी करतात तेच खरं ताय ची." जुलैच्या पावसात खाचराच्या काठी उभं राहून पाहिलं तर तसं दिसतं खरं. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताच्या अंगठ्याने तीन-चार काड्या सुटल्या करायच्या, चिखलात बोटभर दाबायच्या, पाऊल मागे. पाऊल टाकायची रीत पाहण्यासारखी असते: आधी चवडा चाचपतो, चिखल धरतो का पाहतो, मग टाच, मग वजन. अंग ताठ केलं की माणूस आडवा. बाईंनी दादरच्या पटांगणात वर्षानुवर्षं जे शिकवलं ते इथे पाय घातल्याबरोबर समजतं. पण मित्रांचं बोलणं मला पटत नाही. लावणी करणारी बाई दिवसभर कमरेत वाकलेली असते, आणि तिला वाकायचं नसतं. संध्याकाळी तिचे गुडघे भरून येतात, पाठ सरळ होत नाही, बोटांच्या बेचक्या चिखलाने कुजतात. तिच्या कष्टाला साधना म्हणणं म्हणजे मजुरी न देता तिचा सत्कार करण्यासारखं आहे. मी उभा राहतो कारण मला पेन्शन आहे. ताओवाल्यांनीही हे कुठेतरी स्पष्ट लिहून ठेवायला हवं होतं.

मला खरोखर कोड्यात टाकलं ते छबिन्याने. महाशिवरात्रीनंतर महाडला वीरेश्वराचा छबिना असतो. आसपासच्या गावांचे देव पालख्या घेऊन ग्रामदैवताला भेटायला येतात, विन्हेऱ्याची झोलाई येते, रात्रभर खालूबाजा वाजत असतो आणि गर्दीच्या डोक्यावर देवांच्या काठ्या नाचतात. काठी म्हणजे उंच बांबू, रंगीत कापड गुंडाळलेला, शेंड्याला निशाण. हातात घेतली की शेंडा भलतीकडेच ओढ घेतो. तरणी पोरं दंड फुगवून ती पेलतात, पाचपन्नास पावलांत घामाघूम होतात आणि दुसऱ्याकडे देतात. त्यात एक म्हातारे होते, अंगाने किडकिडीत, डोक्याला मफलर. त्यांच्याकडे काठी आली आणि ती नाचायची थांबून चालायलाच लागली. खांदे खाली, कोपरं अंगाजवळ, बोटं जेमतेम मिटलेली. काठी डावीकडे कलली की ते हाताने ओढत नव्हते, कंबर तिच्याखाली नेऊन ठेवत होते. थोडक्या जोरात मोठं वजन वळवायचं, हे ताय चीच्या पुस्तकात पानोपानी असतं. माणसात पाहायला मिळालं ते तिथे, भज्यांच्या गाडीच्या उजेडात.

बाजा थांबल्यावर मी त्यांना गाठलं. चहा मागवला. विचारलं, "कसं जमवता हो?" ते म्हणाले, "वर बघायचा नाय. आवळायची नाय. ती जाईल तिकडं पाय न्यायचे." मला भरून आलं. मी त्यांना नाभीखालच्या जागेबद्दल सांगितलं, कंबरेतून निघणाऱ्या जोराबद्दल, वांग शियांगचायबद्दल, सोडण्याबद्दल. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, बशीतला चहा संपवला आणि विचारलं, "मग येत्या छबिन्याला धरणार काय काठी?"

मी म्हटलं, तसं नाही हो, ताय ची शिकणाऱ्याने दहा वर्षं दाराबाहेर पडू नये अशी चिनी लोकांत म्हणच आहे.

"मग ऱ्हावा घरात," ते म्हणाले. "काठी काय, हितंच हाये." आणि बाजा पुन्हा सुरू झाला तसे मफलर आवळत गर्दीत शिरले. चहाचे पैसे देऊन मी निघणार, एवढ्यात एका बाईने पेंगुळलेलं पोर माझ्या कडेवर दिलं. उभेच आहात तर जरा धरा, म्हणाली, पालखीखालून जाऊन आलेच.